टप्पा, नेम आणि जखमी जनावर
शिकारसाहित्याकडे पाहण्याची एक वेगळी बाजू

शिकारीच्या पुस्तकांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुतेक दोन तऱ्हांचे असते. एक तऱ्हा धाडसाची. रात्र, मचाण, डरकाळी, आणि त्या सगळ्याला पुरून उरणारा माणूस. दुसरी तऱ्हा पश्चात्तापाची. म्हणजे लेखक आधी शिकारी होता, मग त्याचे मन पालटले आणि तो निसर्गप्रेमी झाला. जिम कॉर्बेट या दोन्ही साच्यांत नीट बसतो आणि म्हणूनच तो मराठी वाचकाला इतका जवळचा वाटतो. या दोन्ही वाचनांमध्ये बंदूक मात्र फक्त आवाजापुरती उरते. बार झाला आणि वाघ पडला. गोळी किती अंतरावरून सुटली, ती कुठे लागली, लागायला हवी होती तिथे का लागली नाही, आणि ती सोडणाऱ्याने त्याआधी किती वेळा चाप ओढून पाहिला होता, हे प्रश्न समीक्षकाला तांत्रिक वाटतात. माझ्या मते शिकारसाहित्याचे नैतिक काळीज नेमके याच प्रश्नांत आहे. लेखक वाघाविषयी किती हळवे लिहितो यापेक्षा त्याने टप्प्याचा हिशेब किती प्रामाणिकपणे दिला आहे यावर मी त्याचा खरेपणा जोखतो.

'टप्पा' हा आपला शब्द मोठा नेमका आहे. सावज टप्प्यात आले असे आपण म्हणतो तेव्हा अंतर जनावराने कमी केलेले असते किंवा शिकाऱ्याने, पण कुणीतरी ते चालून कमी केलेले असते. बंदुकीची गोळी किती लांब जाते हा टप्पा नव्हे. जिथून मारले तर जनावर जागीच पडेल अशी शिकाऱ्याला स्वतःच्या हाताविषयी खात्री असते, तो टप्पा. त्यामुळे तो प्रत्येक माणसाचा वेगळा असतो आणि सरावाने तो बदलतो.

मी स्वतः एकही जनावर मारलेले नाही. महाविद्यालयात असताना एन.सी.सी.मध्ये .२२च्या रायफलीने २५ यार्डांवरच्या कागदावर पाच-पाच गोळ्या मारल्या, एवढीच माझी पुंजी. पण त्या कागदाने एक गोष्ट शिकवली. पाच गोळ्या एकाच भोकात जात नाहीत, त्यांचा एक पुंजका होतो. तो पुंजका अंतराबरोबर पसरत जातो. १०० यार्डांवर दोन इंचांत बसणारा पुंजका ५०० यार्डांवर, सगळे ठीक चालले तरी, दहा इंचांचा होतो. आणि हरणाच्या छातीतली हृदय-फुप्फुसाची जागा असते आठ-दहा इंचांची. म्हणजे तिथे गोळी आत लागेल की कडेला, हे शिकारी ठरवतच नाही. ते नशीब ठरवते. वारा, धाप, भीती आणि जनावराने टाकलेले एक पाऊल यांचा हिशेब यात अजून धरलेलाच नाही.

१९३६ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण आहे. त्या एकाच वर्षी इंग्रजीत दोन लिखाणे प्रसिद्ध झाली, हेमिंग्वेची 'फ्रान्सिस मॅकोम्बर'ची कथा आणि ऑर्वेलचा हत्ती मारण्यावरचा निबंध. दोन्हींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. हेमिंग्वेकडे समीक्षक पौरुष आणि भीती शोधतात, ऑर्वेलकडे साम्राज्यशाही. दोन्ही शोध योग्यच आहेत. पण दोन्ही लिखाणे एका वाईट नेमाभोवती उभी आहेत, याकडे कुणी फारसे लक्ष देत नाही.

मॅकोम्बर सिंहाच्या शिकारीच्या सकाळी विल्सन या धंदेवाईक शिकाऱ्याला अंतराविषयी विचारतो. विल्सनचे उत्तर मोजके आहे. शंभर यार्ड ठीक, त्याहून फार पुढे जुगार खेळू नये. नंतर सिंह दिसतो तो साधारण ७५ यार्डांवर, म्हणजे चांगल्या टप्प्यात. मॅकोम्बर मोटारीतूनच गोळी घालू पाहतो. विल्सन त्याला खाली उतरायला लावतो. मग मॅकोम्बर चाप ओढतो, बोट मोडेल इतक्या जोराने ओढतो, आणि बार होत नाही. खटका लावलेलाच असतो. ही एक ओळ मला त्या कथेची गुरुकिल्ली वाटते. रायफल हातात घेऊन रोज शंभरदा खांद्याला लावणाऱ्या माणसाचा अंगठा खटका आपोआप सरकवतो. त्याला भीती वाटत असली तरी सरकवतो. मॅकोम्बर भित्रा आहे हे खरेच, पण त्याच्या भीतीला थोपवून धरील अशी हाताची सवयही त्याच्यापाशी नाही. मग गोळी सुटते आणि सिंहाच्या पोटात शिरते. पुढची काही वाक्ये हेमिंग्वे सिंहाच्या आतून लिहितो. ही त्याची कथनातली हौस आहे असे काहींना वाटते. मला ते अपरिहार्य वाटते. पोटात लागलेल्या गोळीचा अर्थ गोळी घालणाऱ्याच्या बाजूने सांगताच येत नाही.

त्या कथेच्या शेवटी मिसेस मॅकोम्बर मोटारीतून गोळी घालते आणि ती नवऱ्याच्या कवटीत लागते. खून की अपघात, हा वाद अजून मिटलेला नाही. मी त्यात एवढीच भर घालीन. तोपर्यंत या कथेत दोन जनावरे अर्धवट जखमी होऊन गवतात-झुडपात शिरलेली आहेत, आधी सिंह आणि मग रेडा. संबंध कथा चुकलेल्या किंवा आडव्या लागलेल्या गोळ्यांच्या परिणामांवर चालली आहे. शेवटची गोळी त्याच माळेतली आहे. लेखकाने ती रेड्यावर झाडली असे स्पष्ट लिहिले आहे आणि ती रेड्याला लागलेली नाही. मनाचा तळ ढवळण्याआधी समीक्षकाने हे साधे वाक्य वाचायला काय हरकत आहे?

हेमिंग्वेला हे कळत होते याचा पुरावा त्याच्या आदल्या वर्षीच्या 'ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका'मध्ये आहे. तिथे तो एका सेबल हरणाला जखमी करतो, दिवसभर माग काढतो आणि ते हाती लागत नाही. त्याच पुस्तकात त्याला मोंटानातल्या बिलिंग्जच्या इस्पितळातली रात्र आठवते. हात खांद्या-कोपरामध्ये मोडलेला, झोप नाही. खांदा फुटून निसटून गेलेल्या एल्कला काय वाटत असेल हे त्याला त्या रात्री कळल्यासारखे होते. निष्कर्ष मात्र तो शिकार सोडण्याचा काढत नाही. स्वच्छ मारता येते तोवर मारीन, ते जमेनासे होईल त्या दिवशी थांबेन, असा काढतो. हा निष्कर्ष कुणाला सोयीचा वाटेल. मलाही तो पुरता पटत नाही. पण त्यात नीतीची कसोटी त्याने भावनेवरून काढून हाताच्या कौशल्यावर आणून ठेवली आहे, ही गोष्ट शिकारसाहित्यात महत्त्वाची आहे.

ऑर्वेलचा निबंध याच्या अगदी उलट टोकाला आहे. ब्रह्मदेशात मोलमीनला पोलीस अधिकारी असताना माजावर आलेल्या हत्तीमागे त्याला जावे लागते. हत्ती सापडतो तोवर शांत झालेला असतो. काय करायला हवे हे ऑर्वेलला माहीत आहे. पंचवीसेक यार्डांपर्यंत चालत जाऊन त्याची वागणूक पाहायची. तो जात नाही. कारण तो स्वतः सांगतो, आपला नेम वाईट आहे आणि पायाखाली चिखल आहे. मागे दोन हजार माणसांचा जमाव. म्हणजे अंतर कमी न करण्याचे एक कारण साम्राज्याचे, तर दुसरे सरावाचे. मग तो रस्त्यावर पालथा पडून, मागून आणलेल्या उत्तम जर्मन रायफलीने नेम धरतो आणि चुकीच्या जागी धरतो. बाजूने उभ्या हत्तीच्या कानाच्या भोकावरच नेम धरायला हवा होता. मेंदू पुढे असेल या समजुतीने तो काही इंच पुढे धरतो. हत्ती कोसळतो, पण मरत नाही. ऑर्वेल गोळ्यांमागून गोळ्या घालतो, शेवटी सहन न होऊन निघून जातो. हत्ती मरायला अर्धा तास लागला असे त्याला नंतर कळते.

साम्राज्य दुसऱ्याला मारताना स्वतःचेच स्वातंत्र्य मारते, हे या निबंधाचे सूत्र सर्वत्र सांगितले जाते. पण कल्पना करा, त्याच जागी उत्तम नेमबाज असता तर? हत्ती एका गोळीत पडला असता, जमाव पांगला असता आणि निबंध लिहिलाच गेला नसता. साम्राज्याचा अन्याय तेवढाच राहिला असता, फक्त तो दिसला नसता. त्या 'काही इंच पुढे'मुळे तो दिसला. हे जरा अस्वस्थ करणारे आहे, कारण कौशल्य अन्याय झाकूही शकते असा त्याचा अर्थ होतो.

आणि तो उत्तम नेमबाज खरोखरच होऊन गेला होता. डब्ल्यू. डी. एम. बेल, 'कारामोजो' बेल म्हणून प्रसिद्ध. त्याचे हत्तीच्या शिकारीचे पुस्तक १९२३चे. त्याने आयुष्यात हजाराहून जास्त हत्ती मारले आणि त्यांतले बहुतेक ७ मिलिमीटरच्या, हत्तीच्या मानाने खेळण्यासारख्या रायफलीने. गोळीचे वजन सुमारे ११ ग्रॅम. बाकीचे शिकारी तोफेसारख्या दुनळ्या खांद्यावर घेऊन फिरत असताना याने हत्तीची कवटी चिरून मेंदू नेमका कुठे बसतो ते पाहिले, बाजूने, पुढून, तिरक्या मागून त्याकडे जाणारी वाट कशी बदलते ते आकृत्या काढून समजावले, आणि रिकाम्या रायफलीने चाप ओढण्याचा सराव वाटचालीतही चालू ठेवला. ऑर्वेलला जे माहीत नव्हते ते बेलच्या पुस्तकात तेरा वर्षे आधी छापून तयार होते.

तरीही बेल वाचून मला समाधान मिळत नाही. त्याच्या पानांवर जखमी हत्ती फारसे नाहीत, आक्रोश नाही, आणि हळूहळू हत्तीही नाही असे वाटू लागते. उरतात ते सुळे, त्यांची वजने, वाहून नेणारी माणसे, चौक्या. ज्या समाजांच्या प्रदेशातून तो हस्तिदंत गोळा करत होता ते पार्श्वभूमीला. नेम अचूक असला की लिखाण स्वच्छ होते, पण त्या स्वच्छतेत हिशेबनीसाचा थंडपणा शिरतो. हेमिंग्वेची कसोटी इथे अपुरी पडते. स्वच्छ मारणे आवश्यक आहे, पुरेसे नाही.

कॉर्बेटकडे यायला मी मुद्दाम उशीर केला. १९४४च्या 'मॅनईटर्स ऑफ कुमाऊं'च्या प्रास्ताविकातच तो सांगतो की वाघ नरभक्षक होतो तो परिस्थितीने, आणि दहांतल्या नऊ वेळा ती परिस्थिती म्हणजे जखम असते. निष्काळजीपणे झाडलेली गोळी आणि मग त्या जनावराचा माग न काढणे, किंवा साळिंदराशी पडलेली गाठ. चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ माणसे होती. १९०७मध्ये तिला मारल्यावर कॉर्बेटने तिचा जबडा पाहिला. उजव्या बाजूचा वरचा सुळा अर्धा तुटलेला, खालचा पार हाडापर्यंत. जुनी गोळी. म्हणजे कॉर्बेटची पहिली मोठी कथा सुरू होते त्याच्या कितीतरी वर्षे आधी, दुसऱ्या एका कथेच्या शेवटी. ती दुसरी कथा कुणीच लिहिलेली नाही. तो शिकारी कोण, किती अंतरावरून मारले, अंधार होता का, माग का काढला नाही? घरी जाऊन त्याने काय सांगितले असेल ते आपण ओळखू शकतो. 'लागली होती, पण निसटला.' शिकारसाहित्याच्या मोठ्या भागाच्या पायाशी हे एक न लिहिलेले वाक्य आहे.

स्वतः कॉर्बेटची तयारी 'जंगल लोअर'मध्ये सापडते. गलोल, मग मातीच्या गोळ्यांचे धनुष्य, मग फुटक्या नळीची ठासणीची बंदूक, मग शाळेतल्या कॅडेट असतानाची रायफल. या क्रमाचे महत्त्व आपल्या लक्षात येत नाही. गलोलीचा टप्पा दहा-पंधरा पावले. एकाच चालत्या नळीच्या ठासणीच्या बंदुकीत दुसरा बार नाही, दारू महाग. लहानपणी नेमाइतकाच त्याने जवळ जाण्याचा सराव केला. पुढे चौगडच्या वाघिणीला त्याने मारले ते आठ फुटांवरून, एका हाताने. दुसऱ्या हातात रातव्याची अंडी होती. हा प्रसंग सगळे चमत्कार म्हणून सांगतात. मला तो त्या लहानपणाचा सरळ परिणाम वाटतो.

पण चौगडच्याच प्रकरणात दुसरी एक नोंद आहे. तिथे वाघीण आणि तिची मोठी झालेली बछडी अशा दोघी होत्या. कॉर्बेटने आधी एकीला मारले, आणि ती बछडी निघाली. तो लिहितो की त्या चुकीने पुढच्या बारा महिन्यांत पंधरा माणसे गेली. गोळी चुकली नव्हती. नेम बरोबर होता, जनावर चुकीचे होते.

इथे मला आपलीच एक जुनी गोष्ट आठवते. नेमबाजीचा विषय निघाला की आपण अर्जुन आणि पोपटाचा डोळा सांगतो. मुळात तो पक्षी द्रोणांनी कारागिरांकडून करवून घेतलेला, कृत्रिम. सरावाचे लक्ष्यच ते. त्या गोष्टीत कुणाला जखम होण्याची शक्यता नाही, म्हणून ती शाळेत सांगायला सोपी. शिकारीची खरी गोष्ट दशरथाची आहे. शब्दवेधी बाण. अंधारात, दुरून, केवळ आवाजावर, आणि अचूक. सरावाची याहून मोठी परीक्षा नाही आणि दशरथ तीत शंभर टक्के उतरला. पाण्यात बुडणारा घडा त्याला हत्ती वाटला. रामायणाचा पुढचा शोक त्या अचूकतेतून निघतो. रामायणकाराने दशरथाचा नेम चुकवला नाही, यात मला फार मोठी समज दिसते.

दूर पल्ल्यावरून मोठी जनावरे मारण्याची पद्धत मुळात अमेरिकेतली, आणि तिचा जन्म काही क्रीडेतून झालेला नाही. १८७०च्या दशकात शार्प्स रायफली घेतलेले कातड्यांचे व्यापारी शिकारी गव्यांसारख्या त्या बायसनच्या कळपाला दिसणार नाहीत असे दूर लपून बसत. विल्यम हॉर्नडे याने १८८९च्या आपल्या अहवालात ती रीत तपशिलाने दिली आहे. कळपाची म्होरकी गाय आधी जखमी करायची. ती उभी राहते, बाकीचे तिच्याभोवती गोंधळून थांबतात. धोका दिसत नाही, म्हणून पळत नाहीत. मग एकेक. हॉर्नडेने अहवालाच्या नावातच 'निर्मूलन' हा शब्द घातला. अंतराचा फायदा काय, तर जनावराला आपण शिकार होत आहोत हे कळतच नाही.

आज त्याच देशात हजार यार्डांवरून एल्क मारणाऱ्यांचा एक वर्ग आहे. लेझरने अंतर मोजायचे, यंत्राने वारा आणि हवेचा दाब मोजायचा, गणकाने दुर्बिणीचे चाक किती फिरवायचे ते सांगायचे. त्यांची बाजू मी हसण्यावारी नेणार नाही. ते म्हणतात, आम्ही वर्षभर शेकडो गोळ्या कागदावर मारतो; हंगामाच्या आदल्या दिवशी माळ्यावरून बंदूक काढणारा 'पारंपरिक' शिकारी दीडशे यार्डांवर जास्त जनावरे लंगडी करतो. यात तथ्य आहे. मॅकोम्बर ७५ यार्डांवरच चुकला होता. आणि सरावाचे फळ काय असते ते आपणही पाहिले आहे. २०२४मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले त्यात ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ असते जेमतेम १०.४ मिलिमीटरचे, आणि नेम उभ्याने, गुडघ्यावर आणि पालथे पडून, तिन्ही रीतींनी धरायचा असतो.

पण ते वर्तुळ चालत नाही. ८०० मीटरवर पोचायला चांगल्या वेगवान गोळीलाही सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो. चरणारे हरीण तेवढ्यात एक पाऊल टाकते आणि छातीच्या जागी पोट येते. चाप ओढताना काहीच चुकलेले नसते. जगातला कितीही सराव हा सव्वा सेकंद खाऊन टाकू शकत नाही. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेची तरफदारी करताना चलत्या लक्ष्यावरच्या नेमाची थोरवी सांगतो. त्याच्या डोळ्यांपुढे धनुष्याचा टप्पा होता. आणि समजा पोटात लागली; दरी ओलांडून त्या जागी पोचायला तास-दीड तास जातो, रक्ताचा पहिला थेंब नेमका कुठे पडला हेही सापडत नाही. मग चंपावतच्या जबड्यासारखे काहीतरी मागे उरते. थिओडोर रूझवेल्ट ज्याच्या संस्थापकांपैकी एक होता त्या १८८७च्या बून अँड क्रॉकेट क्लबनेच या दूरच्या नेमबाजीला शिकार म्हणायला नकार दिला आहे, कारण जनावराला आपले नाक-कान-डोळे वापरण्याची संधीच त्यात उरत नाही. गंमत अशी, की स्वतः रूझवेल्टने १९०९-१०च्या आफ्रिकेतल्या मोहिमेत मुलासह ५१२ जनावरे मारली, आणि दृष्टी अधू असल्याने आपले लांबचे नेम कसे चुकत ते पुस्तकात मोकळेपणाने लिहिले.

साहित्याच्या अंगाने माझी तक्रार आणखी साधी आहे. हजार यार्डांवर गोष्टच घडत नाही. शिकारकथेतले जे काही वाचण्यासारखे असते, पाचोळा, वाऱ्याची दिशा, भेकराचा इशारा, घशाला पडलेली कोरड, ते सगळे अंतर कमी होत जाताना घडते. मराठी शिकारकथा मचाणावरून वीस-तीस पावलांची राहिली आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती संपली. पण ते अंतर कमी करण्याचे शिक्षण वाया गेले नाही. व्यंकटेश माडगूळकर बंदूक ठेवून नागझिऱ्यात गेले तेव्हा पावले तीच होती, टप्पा तोच होता. हातात रेखाटनाची वही होती. शिकाऱ्याचा निसर्गलेखक 'झाला' असे आपण म्हणतो तेव्हा काय टिकून राहिले ते पाहत नाही.

कॉर्बेटचा जखमेचा सिद्धान्तही सगळीकडे लागू पडत नाही, आणि हे त्यानेच दाखवून ठेवले आहे. रुद्रप्रयागच्या बिबट्याने १९१८ ते १९२६ या काळात १२५ माणसे मारली. तो माणसांकडे वळला तो गोळीमुळे नव्हे. त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झात दहनाविना राहिलेल्या प्रेतांमुळे, असे कॉर्बेटचे मत आहे. गोळी त्याला लागली ती मागाहून, १९२१मध्ये. अलकनंदेवरच्या झुलत्या पुलाच्या बुरुजांवर रात्री बसलेल्या दोघा तरुण लष्करी अधिकाऱ्यांपैकी एकाची. रक्त सापडले, बिबट्या मेला असे समजले गेले, आणि तो आणखी पाच वर्षे जगला. १९२६च्या मे महिन्यात गुलाबराईच्या आंब्यावरून, विजेरीचा प्रकाश क्षणभर पडून विझला तेवढ्यात, कॉर्बेटने चाप ओढला आणि उजाडेपर्यंत लागली की नाही हे न कळता झाडावर बसून राहिला. सकाळी त्याने मेलेल्या बिबट्याच्या अंगावरच्या जखमांची यादी केली. उजव्या खांद्यात गोळीची ताजी जखम, ती त्याची स्वतःची. डाव्या मागच्या पंज्याच्या गादीत गोळीची जुनी जखम. त्याच पंज्याच्या एका बोटाचा तुकडा आणि एक नख नाही.